घाई काउंटरची, पैसा आपला

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या एका सदस्य ताईंनी जे सांगितलं, त्याचा हा मजकूर. दिवाळीच्या बाजाराआधी सगळ्या गटांपर्यंत पोचावा म्हणून इथं देत आहोत.)



कर्जफेडीचा आढावा झाला, समुदाय गुंतवणूक निधीचं झालं, विम्याचे अर्ज झाले. आता मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय ऐकून काहीजणी हसल्या, मी बघितलं. किराणा बाजार हा काय बैठकीत बोलायचा विषय आहे का, असं वाटलं असेल. पण मला सांगा, कर्जाचा हप्ता महिन्यातनं एकदा जातो. किराण्याचे पैसे किती वेळा जातात? घरात ऊसाचं बिल येवो, दुधाचे पैसे येवोत, नाहीतर शेतावरची मजुरी येवो, त्यातला मोठा वाटा आपल्याच हातानं दुकानात जातो. मग त्याच्यावर पंधरा मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

आपल्यातल्या बऱ्याचजणी आता महिन्याचा बाजार कराडला मोठ्या दुकानात भरतात. एसटीनं जायचं, पिशव्या दारात सील करून घ्यायच्या, गाडी ढकलत फिरायचं आणि शेवटी काउंटरच्या रांगेत उभं राहायचं. आतापर्यंत सगळं ठीक असतं. खरी तारांबळ काउंटरवर होते. तिकडं मशीन टिंग टिंग करत असतं, इकडं सामानाचा ढीग साचत असतो. एका हातात पिशवी, एका हातात पैशाचं पाकीट. काउंटरवरची मुलगी विचारते, "मोबाइल नंबर सांगा. कार्ड आहे का? पिशवी पाहिजे का? सुट्टे द्या." मागचा माणूस म्हणतो, "ओ मावशी, आवरा की लवकर." त्या घाईत आपण रव्यावर साबण टाकतो, बिस्किटांवर तेल ठेवतो, बिलाची घडी करतो आणि बाहेर पडतो. घरी आल्यावर बघतो तर बिस्किटांचा भुगा झालेला आणि बिलात काहीतरी जास्तीचं लागलेलं.

आणि आपण काय म्हणतो? "मला बाई शहरातलं जमत नाही." मैत्रिणींनो, हे वाक्य आजपासून बंद करायचं. जमत नाही असं काही नाही. ती जागाच घाई करायला लावणारी आहे.

ही घाई कुठनं आली ते बघा. आपल्या आईच्या वेळी वाण्याच्या दुकानात आपण फळीच्या अलीकडं उभं राहायचं आणि यादी वाचायची. वाणी डाळ काढायचा, तागडीत घालायचा, कागदाची पुडी करायचा, वरनं सुतळी ओढायचा आणि पोराच्या हातावर चार शेंगदाणे ठेवायचा. माप मारणारे वाणी होते, उधारीच्या वहीत एखादा आकडा वाढवणारेही होते. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही. पण शोधायचं, मोजायचं आणि बांधायचं काम त्याचं होतं.

हे काम आपल्याकडं आलं त्याला शंभर वर्षं झाली. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. तिथं गिऱ्हाइकानंच आत शिरायचं, फळीवरनं माल उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. नोकर कमी लागले, माल स्वस्त देता आला. पुढं १९३७ साली ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं चाकांची ढकलगाडी आणली. त्यानं बघितलं होतं की टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते. गाडी ढकलताना जड कळतच नाही! मग जून १९७४ मध्ये ओहायो राज्यातल्या एका दुकानात काळ्या रेघांचा बारकोड पहिल्यांदा मशीननं वाचला. पहिली वस्तू होती च्युइंग गमचं पाकीट. त्या दिवसापासनं बिल करणारं यंत्र पिशवी भरणाऱ्या हातांपेक्षा जोरात धावायला लागलं.

या तिन्ही गोष्टी फिरत फिरत आपल्या कराडात आल्या. आता माल शोधायचा आपण, उचलायचा आपण, पिशवीत भरायचाही आपणच. त्याची मजुरी स्वस्त भावातनं मिळते असं दुकान म्हणतं. मिळत असेलही. पण काम जर आपण करणार, तर ते नीट करायला लागणारा वेळही आपलाच आहे. काउंटरवरची दोन मिनिटं ही दुकानानं आपल्यावर केलेली मेहरबानी नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्याच पोटात येतं.

आमच्या गटातल्या एका काकूंचं सांगते. नाव सांगत नाही, त्या इथंच बसल्या आहेत. गेल्या वर्षी काउंटरवर मागच्या लोकांनी गलका केला, तेव्हा या गडबडून गेल्या. गोडेतेलाच्या दोन पिशव्या तिथंच राहिल्या. पैसे दिलेले, माल राहिला. परत जाऊन विचारलं तर कुणी दाद दिली नाही. त्या दिवसापासनं काकूंनी दुकानात जायचंच सोडलं. आता बाजार मुलगा आणतो. वरनं बघितलं तर बरंच झालं, कष्ट वाचले. पण काकू काय म्हणाल्या ऐका. "तेल गेलं त्याचं काही नाही गं. आता मला बाजाराचे पैसे हातात मिळत नाहीत. दहा-वीस रुपये बाजूला पडायचे, त्यातनंच मी गटाची बचत भरत होते." बघा मैत्रिणींनो, दोन तेलाच्या पिशव्यांपायी बचतीचा झराच आटला. म्हणून म्हणते, हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

आता बिलाचं. आपल्या गटाच्या बैठकीत दहा रुपयांचा फरक पडला तर हिशोब लागेपर्यंत आपण उठत नाही. रोकड वही, कर्ज वही, सभासदाचं पासबुक, सगळं जुळलं पाहिजे. आणि दुकानात दोन हजारांचं बिल आपण न वाचता घडी करतो! गटात जी शिस्त आहे तीच काउंटरवर न्यायची, नवीन काही शिकायचं नाही.

बिल चुकतं कसं ते माहीत असलं की कुठं बघायचं ते कळतं. बारकोडच्या रेघांमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूचा नंबर असतो. किंमत दुकानाच्या संगणकात असते. फळीवरची चिठ्ठी बदलली आणि संगणकात बदल केला नाही, की फरक पडला. एकाच साबणाचा जुना आणि नवा माल असला की दोन एमआरपी दिसतात, आणि काउंटरवरच्या मुलीनं त्यातली एक निवडायची असते. घाईत दुसरीच निवडली जाते. एखादी वस्तू दोनदा मशीनखाली जाते. ‘एकावर एक मोफत’ची मुदत कालच संपलेली असते. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. पण पैसे आपलेच जातात.

त्या मुलीवर चिडू नका, हे मुद्दाम सांगते. ती आपल्याच एखाद्या गावातली लेक असते. दिवसभर उभी असते, मागनं सुपरवायझर बघत असतो. तिला प्रेमानं म्हणायचं, "ताई, जरा दमानं. मी एक पिशवी भरते, मग पुढचं घे. आणि तो पडदा माझ्याकडं कर." बहुतेक वेळा ती ऐकते.

आता चार गोष्टी कायद्याच्या. या लिहून घ्या.

पहिली, एमआरपी. पाकिटावर छापलेली किंमत सगळे कर धरून असते. त्याच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही आणि त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किती पडतात तेही छापावं लागतं. ते बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. समजा धुण्याच्या पावडरीचं एक किलोचं पाकीट १२० रुपयांना आणि अर्ध्या किलोचं ५८ रुपयांना आहे. दोन छोटी घेतली तर ११६ रुपये होतात. चार रुपये वाचले की नाही? तेलाच्या पिशवीवर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही बघा. लिटरभर गोडेतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पिशव्या दिसायला लिटरच्या, पण आत त्यापेक्षा कमी असतं. लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही.

दुसरी गोष्ट, पिशवी. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासनं कारवाई सुरू झाली. तेव्हापासनं कापडी आणि कागदी पिशव्यांचे पैसे बिलात यायला लागले. पिशवीला पैसे लागतील हे आधी न सांगता, ऐन बिलाच्या वेळी ते लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये दिला. पण खरा उपाय आपल्याच हातात आहे, तो पुढं सांगते.

तिसरी, मोबाइल नंबर. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. दुकानांनी नंबरासाठी अडवू नये, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच कळवलं आहे. ऑफरचा मेसेज पाहिजे असेल तर खुशाल द्या. नको असेल तर "नंबर देत नाही" एवढं म्हणा. सुट्ट्यांच्या बदल्यात चॉकलेट देतात, तेही असंच. नको असेल तर नको म्हणा. आपण चार चॉकलेटं देऊन मीठ मागितलं तर देतील का?

चौथी गोष्ट, बिल आणि तक्रार. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित प्रथा आहे. माल खराब निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, दुकानानं तो परत घ्यायला पाहिजे. बिलाची शाई लवकर उडते, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आधी तिथल्या मॅनेजरशी बोला. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. एक, नऊ, एक, पाच. सगळ्याजणी म्हणा बघू एकदा. त्याहून पुढं जायचं झालं तर साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे अशी सक्तीही नाही.

आता पिशवी भरायचं. हे तुम्हाला मी काय शिकवणार? धान्याच्या कणग्या भरणाऱ्या बायका आपण. तरी काउंटरवर उपयोगी पडेल असं थोडं सांगते. घरनं चार पिशव्या न्या, एकच मोठं बाचकं नको. बारा किलोची एक पिशवी खांदा मोडते, सहा-सहाच्या दोन घेतल्या तर दोन्ही हातांना सारखा भार येतो आणि एसटीची पायरी चढता येते. खरी युक्ती पिशवीत नाही, काउंटरच्या पट्ट्यावर आहे. सामान मांडतानाच क्रम लावा. आधी साखर, मीठ, डाळी, आटा. मग तेल. मग साबण आणि धुण्याची पावडर. शेवटी बिस्किटं, पापड, शेवया. ज्या क्रमानं मांडाल त्याच क्रमानं ते मशीनखालनं निघतं आणि त्याच क्रमानं पिशवीत जातं, जड तळाला आणि हलकं वर. साबण, उदबत्ती, फिनेल यांची पिशवी वेगळी ठेवा, नाहीतर चहाला आठ दिवस साबणाचा वास येतो. तेलाच्या पिशव्या एखाद्या जुन्या डब्यात उभ्या ठेवा. एक जरी फुटली तरी बाकीचं सामान वाचतं.

आणि शक्य असेल तर दोघींनी मिळून जा. एकीनं पडद्याकडं बघायचं आणि पैसे द्यायचे, दुसरीनं भरायचं. मग पहिलीचं भरायचं. गटात आपण एकमेकींना कर्जाला जामीन राहतो, मग बाजाराला सोबत व्हायला काय झालं? ज्या काकूंचं मी सांगितलं त्यांना येत्या रविवारी मी घेऊन जाणार आहे. काकू, नाही म्हणायचं नाही.

आता प्रभागसंघाकडं माझ्या तीन मागण्या आहेत. बैठकीनं त्यांच्यावर विचार करावा.

पहिली मागणी अशी. युरोपातल्या काही स्वस्त दुकानांत पैसे दिल्यावर सामान परत गाडीत टाकतात, आणि पलीकडं भिंतीला लांब फळी असते तिथं जाऊन निवांत भरतात. रांग अडत नाही आणि भरणाऱ्याला कुणी हाकलत नाही. आपल्या कराडच्या दुकानांत अशी दोन टेबलं टाकायला किती खर्च येतो? शेजारी म्हाताऱ्या माणसाला टेकायला एक बाक असावा. आपल्या लेटरहेडवर तसा विनंतीअर्ज द्यावा. एकीनं सांगितलं तर ऐकणार नाहीत, पण इतक्या गावांतल्या बायका त्यांच्याकडं दर महिन्याला पैसे मोजतात. त्या सगळ्यांनी मिळून मागितलं तर ऐकतील.

दुसरी मागणी, पिशव्या. आपल्या शिवणकामाच्या गटांनी बाजाराची पिशवी शिवावी. तळ रुंद, बंद मजबूत आणि आत तेलासाठी उभा कप्पा. दुकानातली पिशवी विकत घेण्यापेक्षा आपल्या मैत्रिणीच्या हातची घेऊ. पैसे गटात राहतील आणि पिशवीही दोन-तीन वर्षं टिकेल.

तिसरी मागणी मोठी आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. गायक-संगीतकार सुधीर फडकेही त्या चळवळीत होते. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथं शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक गट होतो, ते आपली महिन्याची यादी एकत्र देतात, माल घाऊक भावानं एकदम येतो आणि सदस्य तो आपसांत वाटून घेतात. यादी करणं, पैसे गोळा करणं, वाटप करणं आणि हिशोब ठेवणं, यातलं कुठलं काम आपल्याला येत नाही? बारा बायकांच्या गटाला दिवाळीसाठी साखरेचं ५० किलोचं एक पोतं घेतलं तर प्रत्येकीच्या वाट्याला चार किलोच्या वर येते. तसंच हरभराडाळ, रवा, पोहे आणि तेलाचा डबा. एवढ्या पाच वस्तूंपासनं सुरुवात करू. उधारी नाही, पैसे आगाऊ. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. वाटप शिक्का मारलेल्या काट्यावर आणि सगळ्यांसमोर. सुट्या डाळी-धान्यावर जीएसटी नाही, पण १८ जुलै २०२२ पासनं २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या पाकिटांवर ५ टक्के लागला, हेही लक्षात असू द्या. भाव काढताना दोन-तीन ठिकाणी विचारा, गावातल्या दुकानदारालाही विचारा. अडीनडीला, रात्री-अपरात्री तोच दार उघडतो. एकदम घेतलं तर त्यालाही भाव कमी करता येईल.

बसायच्या आधी आणखी एक सांगते. आपल्यातल्या कितीतरीजणी चटणी, मसाला, पापड, लोणची करून प्रदर्शनात विकतात. तिथं आपण दुकानदार असतो. आपल्या पाकिटावर वजन बरोबर आहे का? एमआरपी, पॅक केल्याचा महिना, पत्ता आणि १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आहे का? मोठ्या दुकानाकडं जे मागायचं, ते आधी आपल्या पाकिटावर दिसलं पाहिजे. आणि आपल्या स्टॉलवर एखादी आजी पिशवी भरत थांबली तर तिला घाई करायची नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या बाजाराचं एक बिल घेऊन यायचं आहे. पासबुकासारखं ते आपण मिळून वाचू. कुणाला किती फरक सापडला ते फळ्यावर लिहू आणि तो फळा घेऊन दुकानाच्या मॅनेजरकडं जाऊ. टेबलाचा अर्जही त्याच दिवशी देऊ. अर्जाचा मसुदा मी लिहून आणते, सह्या तुम्ही करा. अंगठा असेल तरी चालेल.